विश्राम प्रकल्प

विदर्भातील शेतकरी कुटुंबांत मानसिक आरोग्याची मदत गावपातळीवर पोचवणारा उपक्रम. ‘संगाथ’ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत तो राबवला.

त्याचा गाभा साधा होता: डॉक्टरची वाट पाहू नका, ओळखीचे माणूस दारी पाठवा. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखण्याचे आणि धीर देण्याचे प्रशिक्षण दिले गेले. नैराश्य हा शब्द गावात सहसा कोणी वापरत नाही; ‘टेन्शन आहे’ एवढेच म्हणतात. म्हणून बोलणे ओट्यावर बसून सुरू करावे लागते. झोप लागते का, जेवण जाते का, कर्जाचा घोर किती, असे विचारत. त्रास जास्त असलेल्यांना समुपदेशक आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले जाई.

2017 मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार सांगणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. ही मोठी कमाई आहे. मात्र पावसाची ओढ, पडलेले भाव आणि सावकारी समुपदेशनाने सुटत नाहीत, हेही तितकेच खरे.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात मानसिक आरोग्याच्याच ‘आत्मीयता’ प्रकल्पानेही गावातल्याच स्वयंसेवकांवर भिस्त ठेवली.

कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलले तर त्याला एकटे सोडू नका, शांतपणे ऐका आणि ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा, तो चोवीस तास सुरू असतो.