श्री शांतादुर्गा : दोन पक्षांची मध्यस्थ

शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपले असता ब्रह्मदेवाच्या प्रार्थनेवरून देवी मध्यस्थ झाली, अशी गोमंतकातील श्री शांतादुर्गेची कथा आहे. देवीच्या दोन हातांतील दोन सर्प म्हणजे हे दोन पक्ष, असे मानतात. दुर्गा असूनही येथे तिने कोणाचा वध केला नाही, हे विशेष. मूळ स्थान केळशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात ते उद्ध्वस्त झाल्यावर देवी फोंड्याजवळ कवळे येथे आली.

तिच्या कुळाव्यांत स्मार्त आहेत, तसे वैष्णवही. अरुणोदयी दशमीचा वेध असल्यास वैष्णव उपवास दुसऱ्या दिवशी धरतात. "खरी एकादशी कोणती?" अशी विचारणा भाविक वारंवार करतात. पंचांगात दोन्ही दिलेल्या असतात. आपापल्या घराण्याच्या परंपरेप्रमाणे उपवास करावा.