एकच प्रत

उन्हाळ्याच्या तोंडावर खामगावातल्या माझ्या घरी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाची दोन-चार मुले हमखास येतात. मी निवृत्त कलाशिक्षक. पूर्वी मुलांच्या काखेत पुठ्ठ्याची मोठी फाइल असे, आता खिशात पेन ड्राइव्ह असतो. त्यात असते व्हिडिओ आर्ट, म्हणजे रंग-कागदाऐवजी कॅमेऱ्याने केलेली चित्रकला. अंतिम परीक्षेसाठी त्याचा पोर्टफोलिओ लावायचा असतो. काय ठेवायचे, काय गाळायचे, कशामागून काय यावे, हे ठरवता ठरवता संध्याकाळ होते.

यंदा लोणारची एक मुलगी आली होती. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा ती शाळेत होती. तिने काठावरून घरच्या मोबाइलवर ते टिपले. खारट पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत पुढे दिसले. नंतर रंग ओसरला. त्या चित्रणातून तिने तीन मिनिटांची सुबक कृती केली होती. ती म्हणाली, “सर, मूळ फायली आता पुसून टाकते. जागाच उरली नाही.”

मी म्हटले, “थांब बाई. आधी एक हकिगत ऐक.”

१९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकारांनी कॅमेरा हाताळावा, हा हेतू. पदमसींनी तिथे दोन फिल्म केल्या. ‘सिझिजी’ टिकली. दुसरी, ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, हिची प्रत एकच होती. ती दिल्लीच्या प्रदर्शनासाठी गेली आणि हरवली. २०१६ मध्ये दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींच्या आठवणींच्या आधारे ती पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. पण मूळ फिल्म ती मूळ फिल्मच. २०२० मध्ये पदमसी गेले.

त्याच कार्यशाळेत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली एक तरुणी होती, नलिनी मलानी. तिने १९६९ मध्ये घरांच्या प्रतिकृतीतून ‘ड्रीम हाउसेस’ ही रंगीत फिल्म केली. पुढे १९७६ च्या कृष्णधवल फिल्मशेजारी ती ठेवली आणि ‘युटोपिया’ ही एक कृती झाली. एकीकडे स्वप्नातली घरे, दुसरीकडे खरे शहर. पहिली फिल्म जपली नसती, तर दुसरीला जोडीदार कुठून मिळाला असता? याच मलानींना २०२३ मध्ये क्योतो पुरस्कार मिळाला.

मोठ्यांचेच कशाला, माझेही सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीच्या कामाची एकच कॅसेट होती. आमच्याच घरात कुणीतरी तिच्यावर वाढदिवस चित्रित केला. वर्षभराचे काम केक कापेपर्यंत पुसले गेले. ती मुले आज भेटली की मीच विषय बदलतो.

मुलगी गप्प झाली. मग आम्ही पोर्टफोलिओ नव्याने लावला. आरंभी कात्री न लावलेले गुलाबी पाण्याचे एक मिनिट, वाऱ्याच्या खरखरीसकट. मग तिची तीन मिनिटांची कृती. शेवटी त्याच काठावरून यंदा टिपलेले नेहमीच्या रंगाचे पाणी. प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कालावधी. सगळ्या मूळ फायलींची एक प्रत हार्ड डिस्कवर गेली, दुसरी मेहकरला तिच्या मामांकडे.

परीक्षक गुण देतील ते देतील. पण परीक्षेचा पोर्टफोलिओ हा त्या मुलांच्या कामाचा पहिला दप्तरखानाही असतो. सरोवर पुन्हा गुलाबी होईलही कदाचित. ते वर्ष, ते वय आणि तो हलणारा हात मात्र पुन्हा मिळायचे नाहीत.