गोचीड

गोचीड : जनावरांचे रक्त शोषणारा बाह्य परोपजीवी. कीटक नसून कोळ्याच्या अष्टपाद वर्गातील. अळीला सहा, तर प्रौढाला आठ पाय. लाल कंधारी (कंधार, जि. नांदेड) आणि देवणी (देवणी, जि. लातूर) या गोवंशांच्या प्रदेशात दोन प्रजाती महत्त्वाच्या आहेत.

*ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस* अळीपासून प्रौढापर्यंत एकाच जनावरावर वाढतो. तट्ट फुगलेली मादी गळून जमिनीवर हजारो अंडी घालते. अळ्या गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून वाट पाहतात. *हायालोमा अनाटोलिकम* गोठ्याच्या भेगांत लपतो. पुढच्या पायांवरील हॅलर अवयवाने गोचिडांना श्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड, गंध व उष्णता जाणवते.

रोगप्रसार : पहिल्या प्रजातीची मादी बबेसिया हा रक्तातील आदिजीव अंड्यांतून पुढच्या पिढीला देते, बबेसियामुळे जनावराची लघवी लाल होते. दुसरी प्रजाती थायलेरिया हा आदिजीव पसरवते : आधीच्या अवस्थेत घेतलेला जंतू कात टाकल्यावरही टिकतो आणि पुढच्या अवस्थेत लाळेवाटे नव्या जनावरात शिरतो. चिकटल्यानंतर लाळग्रंथीत तो पक्व होण्यास काही दिवस लागतात, म्हणून गोचीड लवकर काढणे हिताचे. तीव्र ताप, सुजलेल्या लसिकाग्रंथी व रक्तक्षय ही लक्षणे. संकरित गाई अधिक बळी पडतात; देशी जनावरांत आजार सहसा सौम्य असतो.

उपाय : भेगा लिंपणे, गोचीडनाशकांची आलटून-पालटून फवारणी, संकरित जनावरांना थायलेरियाची लस. थायलेरियावर बुपार्व्हाक्वोन गुणकारी.