ओंजळीतले धान्य, मुठीतला रुपया

शेगाव म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी पंगत उभी राहते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्रीगजाननमहाराज या गावी प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना, ही कथा वऱ्हाडातल्या लेकराबाळांना तोंडपाठ असते. महाराजांनी १९१० साली समाधी घेतली. त्याआधी दोन वर्षे, म्हणजे १९०८ साली, संस्थान स्थापन झाले, आणि प्रसादाच्या पंगतीने गावाची ओळख देशभर नेली. भुकेलेल्याच्या पानात अन्न वाढावे हा धर्म आपल्या रक्तात इतका मुरलेला आहे की, त्यावर कोणी व्याख्यान देऊ लागला तर ऐकणारा जांभई देईल.

पण त्याच भुकेलेल्याच्या हातावर कोणी रोख रुपये ठेवू लागला, की आपण एकदम शहाणे होतो. 'दारूत घालवील', 'जुगारात उडवील', 'त्यापेक्षा शिधा द्या, डोळ्यांसमोर शिजवून घाला', अशी वाक्ये चांगल्या, दयाळू माणसांच्या तोंडून आपण ऐकतो. ही शंका जुनी आहे. तिने दुष्काळात माणसांच्या पोटाशी कसा खेळ केला, आणि तिच्यावर मात करण्यासाठी किती माणसांना किती वह्या भराव्या लागल्या, तो इतिहास फारसा सांगितला जात नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर तो थोडा चाखावा, अशी वाचकांना विनंती आहे.

महाराज शेगावी प्रकटले तेव्हा दख्खनचा १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ ओसरत होता. १८७७ च्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी मुलखात पाठविले. खर्च आटोक्यात ठेवणे हे त्यांचे काम. त्यांनी खडी फोडणाऱ्या गड्याची मजुरी ठरविली ती एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे आपल्या जुन्या शेराचा जेमतेम अर्धा. दिवसभर उन्हात घण मारणाऱ्या माणसाने तेवढ्यावर जगावे, हा हिशेब कागदावर फार नेटका दिसला. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला विरोध केला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी तर याहून स्पष्ट उत्तर दिले : हजारो माणसे कामे सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे मुख्यतः गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांनी, गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडण्याचा सपाटा लावला. उपाशी माणसांनी मजुरीच्या दरासाठी काम नाकारावे, ही गोष्ट त्या काळच्या साहेबाला कळली नाही. मला वाटते, ती आजही पुष्कळांना कळत नाही.

या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली एक महत्त्वाची गोष्ट लिहून ठेवली. दुष्काळ पडला म्हणजे देशातले धान्यच संपते असे नाही. आगगाडी आहे, व्यापारी आहे. भाव चढला की धान्य भावामागे धावत येते. संपते ते शेतमजुराचे काम, आणि कामाबरोबर त्याचा पैसा. दुकानात ज्वारीची पोती आहेत आणि दुकानाबाहेर माणूस उपाशी आहे, हे दुष्काळाचे खरे चित्र. पुढे शंभर वर्षांनी, १९८१ साली, अमर्त्य सेन यांनी हाच धागा पकडून जगाला मान्य होईल असा ग्रंथ लिहिला. पण आमच्या वऱ्हाडाने त्याचा अनुभव त्याआधीच घेतला होता.

१८९९ चा पावसाळा कोरडा गेला. विक्रम संवत १९५६ होता, म्हणून मारवाडी पेढ्यांच्या वह्यांतून आणि जुन्या माणसांच्या बोलण्यातून तो 'छप्पन्नचा दुष्काळ' झाला. तेव्हा शेगाव अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेरबदलात ते बुलढाण्याकडे आले. वऱ्हाड नावाला निजामाचा, कारभार इंग्रजांचा. मुलूख काळ्या मातीचा आणि कपाशीचा. मुंबई-नागपूर लोहमार्ग शेगावावरूनच जात होता, आणि जलंब ते खामगाव हा फाटा खास कापसासाठी १८७० साली उघडला होता. म्हणजे धान्य आणण्याची सोय दाराशी होती. तरीही १८९१ च्या खानेसुमारीत जवळजवळ २९ लाख असलेली वऱ्हाडची वस्ती १९०१ साली साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत माणसे वाढायची ती घटली. रूळ होते, डबे होते, पोती होती. कपाशी बुडाली तेव्हा निंदणी-वेचणीची मजुरी बुडाली, आणि मजुरी बुडाली तेव्हा त्या पोत्यांकडे नुसते पाहणे उरले.

दुष्काळी कामांवर मजुरी रोख मिळे. तिचा दर ज्वारीच्या भावाला बांधलेला असे : भाव चढला की आणे-पै वाढत. आम्हा मास्तर मंडळींच्या महागाई भत्त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही. पण सरकारी कामावर जो जाऊ शकत नाही त्याचे काय? आणि पाऊस पडल्यावर ज्याच्या गोठ्यात बैलच उरला नाही त्याचे काय? या ठिकाणी परदेशातून आलेल्या देणग्यांची कथा सुरू होते.

फेब्रुवारी १९०० मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये सभा भरून दुष्काळनिवारणाचा धर्मादाय निधी उभा राहिला. असाच निधी तीन वर्षांपूर्वी, १८९७ सालीही जमला होता. लंडनच्या लॉर्ड मेयरने मॅन्शन हाऊसमध्ये वर्गणी उघडली. साम्राज्यातल्या दूरदूरच्या वसाहतींतून, इतकेच काय जर्मनीतूनही, पैसा आला. इकडे जयपूरच्या महाराजा माधोसिंगांनी १५ लाख रुपये देऊन दुष्काळग्रस्तांसाठी कायमचा ट्रस्ट स्थापिला. दोन्ही खेपेला धर्मादाय निधीची रक्कम दीड कोटीच्या आसपास किंवा तिच्यावर गेली. आजच्या भाषेत सांगायचे तर ती एक आंतरराष्ट्रीय रोख मदतीची संस्थाच होती, आणि तिचे देशातले मुख्य कार्यालय कलकत्त्यास होते.

या निधीने खर्चाच्या चार वाटा आखल्या होत्या. सरकारी मदतीला जोड म्हणून कपडे, दूध वगैरे देणे ही पहिली. अनाथ मुलांचा सांभाळ ही दुसरी. जी अब्रूदार गरीब माणसे, विशेषतः पडद्यातल्या स्त्रिया, कामावर जाऊ शकत नाहीत आणि हातही पसरू शकत नाहीत, त्यांना गुपचूप मदत ही तिसरी. चौथी वाट सर्वांत धाडसाची : ज्याचे सर्वस्व गेले त्याला पुन्हा उभा करणे, म्हणजे शेतकऱ्याला बैल, बी-बियाणे आणि पहिली सुगी हाती येईपर्यंतच्या पोटगीसाठी साह्य. निधीचा सर्वांत मोठा वाटा याच चौथ्या वाटेने गेला.

त्याच १९०० साली अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या पत्राच्या वाचकांनी धान्य जमविले आणि 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे ५ हजार टन मका घेऊन मुंबईला लागले. देणाऱ्यांच्या मनाचा मोठेपणा वादातीत आहे. पण समुद्र ओलांडण्यात महिना गेला. मग ते उतरवा, डब्यांत भरा, गाडीवर घाला, आणि ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईच्या पदरात मका टाका! तारेने आलेला पैसा मात्र दोन दिवसांत नागपुरास पोचे, आणि शेतकरी त्याचे काय करायचे ते आपले आपण ठरवी. एकाला बैल हवा, दुसऱ्याला सरकी, तिसऱ्याला सावकाराकडे अडकलेली पाभर. मक्याला एवढ्या वाटा ठाऊक नसतात.

म्हणून रोख मदत सोपी, असे कोणी समजू नये. पैसा वाटणे हे धान्य वाटण्याहून अवघड काम आहे. धान्याचे पोते चोरणाऱ्याला निदान पाठीवर ओझे वाहावे लागते. रुपया मुठीत मावतो. एका तालुक्यात शेकडो गावे. प्रत्येक गावात पाटील आणि पटवारी. यादी त्यांच्याकडून यायची. पाटलाचा पुतण्या यादीत वर, आणि गावकुसाबाहेरचा म्हातारा यादीतच नाही, हा धोका उघड होता. म्हणून जिल्हा समिती, तिच्या खाली तालुक्याच्या समित्या, त्यांत सरकारी अंमलदारांबरोबर वकील, व्यापारी, मिशनरी अशी बिनसरकारी मंडळी. नाव एकाने लिहायचे, चौकशी दुसऱ्याने करायची आणि पैसे तिसऱ्याने द्यायचे, हा शहाणपणाचा रस्ता. आणि सगळ्यावर एक मुदत टांगलेली : मृग. बैलाचे पैसे जूनच्या आरंभी हातात पडले तर त्यातून शेत उभे राहते. तेच पैसे आषाढाच्या शेवटी आले तर खाऊन संपतात. रुपयाची किंमत टांकसाळीत ठरते असे आपण मानतो. शेतकऱ्याच्या रुपयाची किंमत पंचांग ठरविते.

मी कादंबऱ्या लिहितो, आणि कादंबरीकाराला दुष्काळात प्रथम अश्रू दिसतात. पण पोटासाठी मी शाळामास्तर आहे, आणि हजेरीपटाची ताकद मला ठाऊक आहे. पटावर ज्या पोराचे नाव नाही ते वर्गात बसलेले असले तरी सरकारच्या लेखी नसते. दुष्काळी मदतीचा इतिहास हा पुष्कळसा अशा पटाचा इतिहास आहे. यादीत नाव चढणे म्हणजे जगणे. म्हणून ती यादी लिहिणाऱ्या हाताइतका जबाबदार हात दुसरा नाही.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने हा धडा वेगळ्या रीतीने गिरविला. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात 'मागेल त्याला काम' हा प्रयोग सुरू झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी यांची चव ज्यांच्या जिभेवर अजून आहे असे वाचक अनेक असतील. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. मजुरी रोख मिळे, तिने बाजारातले धान्य गावात ओढून आणले, आणि छप्पन्नच्या तोडीची अवर्षणे असूनही छप्पन्नसारखी माणसे मेली नाहीत. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. पगारपत्रकावरची ती छोटीशी कपात पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या माझ्यासारख्या नोकरदारांनी हे ध्यानात ठेवावे की, शहरातल्या पगाराने खेड्यातल्या मजुरीला हात देण्याची ती युक्ती होती. 

आता गोष्ट आणखी पुढे गेली आहे. २००९ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी केनियात 'गिव्हडायरेक्टली' नावाची संस्था सुरू केली. गरीब घरांना कोणतीही अट न घालता रोख पैसे द्यायचे, तेही मोबाईलवर, हा तिचा सारा उद्योग. केनियात त्याआधीच, २००७ साली, 'एम-पेसा' ही मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सोय झाली होती. स्वाहिलीतला 'पेसा' हा शब्द आपल्या 'पैशा'चाच वंशज मानतात. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागला. अशा संस्थेचे एखाद्या देशातले कार्यालय चालविणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे पाहिले तर १९०० सालचा तालुका समितीचा चिटणीस त्याला लगेच ओळखील. गावाची मोजणी एका चमूने करायची, नोंदणी दुसऱ्याने, फेरतपासणी तिसऱ्याने, आणि पैसे पोचल्यावर दूरध्वनी करून विचारायचे : मिळाले का? कोणी वाटा मागितला का?

ही साखळी एका जागी सैल झाली तर काय होते तेही दिसून आले. २०२२ साली काँगोच्या अशांत पूर्व भागात नोंदणी आणि मोबाईलची सिमकार्डे या दोन्ही गोष्टी त्याच कर्मचाऱ्यांच्या हाती गेल्या, आणि सुमारे ९ लाख डॉलर मधल्यामध्ये नाहीसे झाले. संस्थेने ते २०२३ साली स्वतःच जाहीर केले. लिहिणारा हात आणि देणारा हात वेगळे असावेत, हा आपल्या आजोबा-पणजोबांचा नियम मोबाईलच्या युगातही टिकला म्हणायचा!

आणि ती दारूची शंका? जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१४ साली निरनिराळ्या देशांतले १९ अभ्यास तपासले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असे त्यांना एकंदरीत आढळले नाही. गरिबाला आपल्या घरातल्या गरजा आपल्याहून बऱ्या कळतात, एवढाच याचा अर्थ. मात्र ज्याच्याजवळ चूल नाही, जो वाटेवरचा आहे, आजारी आहे, त्याला पंगतच हवी. तेथे रुपया काय कामाचा? पंगत आणि पैसा यांचे भांडण लावण्यात अर्थ नाही. ज्याची चूल विझली आहे त्याला अन्न द्यावे, आणि जो ती पुन्हा पेटवू शकतो त्याच्या हाती पैसा द्यावा.

परक्याला रोख पैसा देताना आपला हात अडखळतो खरा. घरात मात्र तो कधी अडखळत नाही. पाडव्याला आणि भाऊबिजेला घरोघर तबके फिरतील. बहीण ओवाळील, भाऊ तबकात नोट टाकील. २०२४ साली सरकारने महिन्याला १५०० रुपयांची योजना काढली तेव्हा तिला 'लाडकी बहीण' हे नाव दिले आणि पहिले हप्ते राखीपौर्णिमेच्या सुमारास धाडले, ते या रीतीवर नेम धरूनच. या योजनेच्या राजकारणात मी शिरत नाही. पण ओवाळणीचे एक वैशिष्ट्य सणाच्या गडबडीत आपल्या नजरेतून सुटते. त्या नोटेचे बहिणीने पुढे काय केले, हे आजवर कोणत्या भावाने विचारले आहे? तिने तेल आणले की पोराची फी भरली, की स्वतःला एक खण घेतला, हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही, कारण तिच्यावर आपला विश्वास असतो. तेवढा विश्वास परक्या दारच्या गरिबावर टाकायला माणसांना सव्वाशे वर्षे लागली, आणि अजून तो पुरता बसलेला नाही.