देवमाशांचे पुनरागमन आणि कायद्याची मर्यादा

देवमासा नावाने मासा असला, तरी तो सस्तन प्राणी आहे. हंपबॅक जातीच्या मादीला सुमारे अकरा महिन्यांच्या गर्भधारणेनंतर एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांमध्ये बहुधा दोन-तीन वर्षांचे अंतर असते. त्यामुळे शिकारीने घटलेली संख्या भरून यायला कित्येक दशके लागतात. संरक्षक कायदे या कामी किती उपयोगी पडतात, हे याच जातीच्या इतिहासावरून पडताळता येते.

ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ पिल्लांना जन्म देणारे हंपबॅक देवमासे अन्नासाठी दक्षिणेकडे साऊथ जॉर्जिया बेटाच्या परिसरात जातात. तेथे १९०४ मध्ये शिकारीचे केंद्र सुरू झाले. १९५०च्या दशकात या समूहातील जेमतेम ४५० प्राणी उरले होते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९६३ मध्ये दक्षिण गोलार्धात या जातीच्या शिकारीवर बंदी घातली. १९८६ पासून सर्वच मोठ्या देवमाशांच्या व्यापारी शिकारीला स्थगिती मिळाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या समूहाची संख्या सुमारे २५ हजारांवर, म्हणजे शिकारपूर्व काळातील संख्येच्या जवळपास पोहोचली आहे.

मात्र नियम केला म्हणून शिकार लगेच थांबली नव्हती. १९४८ ते १९७३ या काळात सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात ४८ हजारांहून अधिक हंपबॅक मारले आणि आयोगाला कळवले केवळ २,७१०. १९७२ पासून जहाजांवर आंतरराष्ट्रीय निरीक्षक नेमले गेले, तेव्हा या लपवाछपवीला आळा बसला. खरे आकडे उजेडात आले ते सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर.

या चोरट्या शिकारीची झळ अरबी समुद्रालाही बसली. नोव्हेंबर १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २३८ हंपबॅक मारले गेले. येथील हंपबॅक अंटार्क्टिकाकडे स्थलांतर करीत नाहीत. जनुकीयदृष्ट्या ते हजारो वर्षे इतरांपासून वेगळे राहिले असल्याने बाहेरून येऊन त्यांची तूट भरून काढणारे कोणी नाही. ओमानजवळ २००० ते २००४ दरम्यान केलेल्या पाहणीतून त्यांची संख्या अवघी ८२ असल्याचा अंदाज निघाला.

भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत देवमाशांचा समावेश आहे. तथापि, आज त्यांना धोका आहे तो मासेमारीच्या जाळ्यांचा आणि जहाजांच्या धडकेचा. जाळ्यात देवमासा अडकावा, अशी कोणाही मच्छीमाराची इच्छा नसते. जाळे कापून प्राण्याला सोडायचे, तर नुकसान त्याचेच होते. ही अडचण ओळखून महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित सागरी प्राण्यांच्या सुटकेसाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली.

शिकारबंदी काटेकोरपणे पाळली गेली तेथे देवमासे परतले. आता जाळी आणि जहाजे यांच्याविषयीचे नियम तितक्याच काटेकोरपणे अमलात येतात की नाही, यावर अरबी समुद्रातील या मोजक्या प्राण्यांचे भवितव्य अवलंबून आहे.