गॉटहार्डचा पांडुरोग

आल्प्सच्या पोटातून १५ किलोमीटरचा गॉटहार्ड रेल्वेबोगदा खणायला १८७२ मध्ये सुरुवात झाली. डोंगरावर बर्फ आणि आत तीस अंशांच्या वरचा उकाडा, पायाखाली कायमचा चिखल. मजूर बहुतेक इटलीचे. शौचाची सोय नाही, तेव्हा आतच अंधारात आडोसा शोधायचा. धडधाकट गडी बघता बघता पांढरेफटक पडत, चार पावलं टाकली की धापा टाकत. दोष गेला कोंदट हवेला, सुरुंगाच्या धुराला, निकृष्ट जेवणाला. चार संडास बांधण्याचा खर्च मात्र कुणाला सुचला नाही.

१८८० मध्ये तुरीनला अशाच एका मजुराचं शव उघडलं, तर लहान आतड्यात अंकुशकृमींचा नुसता बुजबुजाट. कृमी नवा नव्हता. मिलानमध्ये दुबिनी या डॉक्टरला तो १८३८ मध्येच दिसला होता. पण पेरोन्चितो या प्राध्यापकाने बोगद्यातल्या पांडुरोगाचं खापर त्याच्यावर फोडलं, ते बरोबर जागी.

जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा प्राणी आतड्याच्या अस्तराला दात रोवतो आणि रक्त गोठू न देणारा स्राव सोडतो. एक कृमी दिवसाला ०.२ मिलिलिटरपर्यंत रक्त घालवतो. शंभर असले तर २० मिलिलिटर, म्हणजे निरोगी रक्त धरलं तर १० मिलिग्रॅम लोह. त्यातलं काही आतडं परत शोषतं. तरी रोजच्या जेवणातून अंगी लागतं ते एक-दोन मिलिग्रॅम. हा हिशेब जुळायचा कसा?

हा कृमी अंगात शिरतो कुठून, हे कैरोत लूस या जर्मन शास्त्रज्ञाला अपघातानेच कळलं. गिनीपिगला पाजायच्या, या कृमीच्या अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब त्याच्या हातावर सांडला. जागा लाल झाली, खाजली; काही आठवड्यांनी त्याच्याच विष्ठेत अंडी निघाली. त्याचं म्हणणं सहजासहजी कुणी मानलं नाही. मग कापून टाकायच्या एका पायावर शस्त्रक्रियेआधी त्याने अळ्या सोडल्या आणि कापलेल्या पायाच्या कातडीत त्या शोधून दाखवल्या. कातडीतून रक्तात, फुप्फुसात, तिथून घशात, गिळल्या की आतड्यात, असा त्यांचा प्रवास. विष्ठेतल्या अंड्यांतून चिखलात निघालेल्या अळ्या अनवाणी पायांतून शिरत होत्या; मजुरांचं कोडं तिथे सुटलं.

आपल्याकडे जंतनाशक दिनाला अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी पोटातले कृमी मारते. गेलेलं लोह ती भरून देत नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्या वेगळ्या. मातीतल्या अळ्यांनाही ती काही करत नाही, म्हणून अनेक ठिकाणी फेब्रुवारीनंतर ऑगस्टमध्ये पुन्हा देतात.