सायकलीचा मागचा दिवा

रस्त्यावर दोन वाहनांची टक्कर झाली म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न पंचनाम्यास आलेल्या शिपायापुढें प्रथम उभा राहतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचें उत्तर पुष्कळ वेळां टक्कर होण्यापूर्वीं कित्येक वर्षें, कायदेमंडळाच्या दालनांत आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांत, ठरून गेलेलें असतें. शिपाई तें केवळ कागदावर उतरवून घेतो. हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटल्यास त्यानें इंग्लंडांतील सायकलीच्या मागच्या तांबड्या दिव्याचा इतिहास पाहावा. वस्तु लहान आणि किंमत क्षुल्लक. परंतु तिच्यापायीं तेथील सायकलस्वारांच्या संस्था जवळजवळ पाव शतक झगडत राहिल्या, आणि हा झगडा दिवा मिळावा म्हणून नव्हता, तर त्याची सक्ती होऊं नये म्हणून होता. वरवर पाहतां हा हट्ट वेडगळपणाचा दिसतो. त्याच्या मुळाशीं काय होतें तें पाहण्यासारखें आहे.

मोटार येण्यापूर्वीं रस्त्यावरचा आरोपी सायकलस्वार हाच होता. घोडे बुजवणारा, पादचाऱ्यांच्या अंगावर येणारा, अशी त्याची ख्याति होती. सायकल हें कायद्याच्या दृष्टीनें वाहनच होय, आणि तें बेफाम हांकणारा शिक्षेस पात्र आहे, असा निर्णय इंग्लंडांतील न्यायालयानें १८७९ मध्यें दिला. पुढें १८८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानें सायकलस्वारावर दोन बंधनें घातलीं. रात्रीं त्यानें ज्या दिशेस जावयाचें त्या दिशेस उजेड पडेल असा दिवा बाळगावा, आणि दुसऱ्या वाहनास किंवा पादचाऱ्यास मागून गांठून पुढें जातांना घंटा वाजवून सूचना द्यावी. दोन्ही बंधनांमागील न्याय एकच होता: जो मागून येतो व अधिक वेगानें येतो, त्यानें पुढच्याची काळजी घ्यावी. पुढें चाललेल्या म्हाताऱ्यानें आपल्या पाठीला कंदील बांधावा, असें कोणाच्या स्वप्नांतही आलें नव्हतें.

मोटार आली तेव्हां हाच न्याय तिलाही लागू व्हावा, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु आरंभापासूनच गाडा निराळ्या चाकोरींत पडला. १७ ऑगस्ट १८९६ रोजीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची बाई प्रात्यक्षिकाकरितां फिरवल्या जाणाऱ्या एका मोटारीखालीं सांपडून मरण पावली. ब्रिटनमध्यें मोटारीखालीं मेलेला हा पहिला पादचारी समजतात. मोटारीचा वेग किती होता ह्याविषयीं साक्षीदारांत एकमत झालें नाहीं. अपघाती मृत्यु असा निर्णय झाला, आणि असा प्रसंग पुन्हां न येवो, अशी आशा कॉरोनरनें प्रकट केली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नवा कायदा अमलांत येऊन मोटारींची वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली. १९०३ च्या कायद्यानें ती २० मैलांवर नेली. कॉरोनरची आशा आशाच राहिली.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी भराभर वाढल्या. रात्रीं पुढचा सायकलस्वार आम्हांस दिसत नाहीं, सबब त्यानें मागें तांबडा दिवा लावावा, असा मोटारवाल्यांचा आग्रह सुरू झाला. १९२७ च्या कायद्यानें तडजोड केली: मागें तांबडा दिवा असावा, किंवा तांबडा प्रकाश परावर्तित करणारी कांच असावी. सायकलस्वारांस तीही रुचली नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, दिव्याच्या उजेडांत जेवढा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरांत वाहन थांबवतां येईल, एवढ्याच वेगानें हांकणें हें चालकाचें कर्तव्य आहे. रस्त्यांत गाय उभी असेल, झाड उन्मळून पडलें असेल, मूल धांवत आलें असेल. त्यांच्या पाठीशीं कोण दिवा लावणार? ही नुसती शब्दांची कसरत नव्हती. १९३३ मध्यें एका मोटारसायकलस्वारानें मागचा दिवा नसलेल्या लॉरीस रात्रीं धडक दिली, तेव्हां एक तर तो फार वेगानें जात असावा, नाहीं तर त्याचें समोर लक्ष नसावें, असें न्यायालयानें म्हटलें. हा सर्वत्र लावण्याचा नियम नव्हे, प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवरून ठरवावें, असा खुलासा वरिष्ठ न्यायालयानें लवकरच केला. तरी सायकलस्वारांचा युक्तिवाद कायद्यास अगदींच परका नव्हता, एवढें त्यावरून दिसतें.

पण त्यांच्या भीतीचें खरें कारण ह्याहून खोल होतें. जखमी माणसाची स्वतःची हयगय अपघातास कारणीभूत झाली असें ठरल्यास त्याचा नुकसानभरपाईचा सगळाच दावा बुडावा, असा त्या वेळच्या इंग्रजी कायद्याचा सामान्य नियम होता. अशा स्थितींत मागचा दिवा सक्तीचा झाला म्हणजे काय होणार? दिवा पाठीमागें असतो. तो वाऱ्यानें विझला कीं धक्क्यानें बंद पडला, हें पुढें पाहणाऱ्या स्वारास कळत नाहीं. धडक बसल्यावर तर तो फुटलेलाच सांपडावयाचा. चालक सांगणार, दिवा नव्हता. आणि ज्यानें होता म्हणून सांगावें तो पुष्कळदां मेलेला असणार. मेलेल्याची जबानी कोण घेतो? एका लहानशा दिव्याच्या सक्तीनें पुराव्याचें ओझें चालकाच्या खांद्यावरून उतरून प्रेताच्या खांद्यावर चढणार होतें.

ह्याच सुमारास राजकारणाचा वारा कोणत्या दिशेस वाहत होता हेंही पाहावें. १९३० च्या कायद्यानें खासगी मोटारींची वेगमर्यादा साफ काढून टाकली. १९३४ मध्यें ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. त्या वर्षीं वस्तीच्या भागांत पुन्हां ताशी ३० मैलांची मर्यादा घालण्याचें बिल पार्लमेंटांत आलें, तेव्हां मूर-ब्रॅबेझन नांवाचे एक सभासद विरोधास उठले. पूर्वीं मोटारीखालीं कोंबड्या व कुत्रीं मरत, आतां कुत्रीं बाजूस होण्यास शिकलीं आहेत. तेव्हां हें सारें कालांतरानें आपोआप सुरळीत होईल, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. वर्षाला सात हजार माणसें मरत असतां उपाय कोणता, तर उरलेल्यांनीं शहाणें व्हावें! बिल मंजूर झालें, मर्यादा पुढील वर्षीं लागू झाली. आणि १९४० मध्यें हेच गृहस्थ वाहतूकमंत्री झाले.

डिसेंबर १९३४ मध्यें मंत्री होर-बेलीशा ह्यांनीं लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सायकलींसाठीं सुमारें अडीच मैलांचा स्वतंत्र मार्ग खुला केला. सायकलस्वारांनीं त्याचें स्वागत न करतां निषेध केला. आज स्वतंत्र मार्ग मागावा आणि तेव्हां तो नाकारावा, हें आपणांस विचित्र वाटेल. पण चांगल्या रस्त्यांसाठीं मोटारी येण्यापूर्वीं, १८८६ पासून, संस्था काढून खटपट केली ती ह्याच सायकलस्वारांनीं. वेगळा मार्ग स्वीकारला म्हणजे मुख्य रस्त्यावरचा आपला हक्क सोडला असें होईल, आणि उद्यां तेथें धडक बसली तर ‘तूं येथें आलासच कां?’ असें विचारतील, ही त्यांची धास्ती होती. धास्ती खरी होती, परंतु तिच्यापायीं चांगल्या मार्गांची मागणी मात्र मागें पडली, हा त्यांच्या पुढारीपणाचा दोष मानावा लागतो.

अखेर निकाल लावला तो युद्धानें. १९३९ मध्यें अंधारपट सुरू झाला, रस्त्यांवरचे दिवे मालवले, मोटारींचे दिवे झांकले, आणि सायकलीच्या मागें तांबडा दिवा सक्तीचा झाला. पेट्रोल मोजून मिळत असतांही १९४१ मध्यें रस्त्यांवर ९,१६९ माणसें मेलीं. त्या देशाच्या इतिहासांत एका वर्षांत इतकीं माणसें रस्त्यावर कधींच मेलीं नाहींत. युद्धकाळची ही सक्ती १९४५ च्या कायद्यानें कायम केली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं दुसराही एक कायदा झाला: जखमीची हयगय असली तरी त्याचा सबंध दावा न बुडवतां दोषाच्या प्रमाणांत भरपाई वांटावी. सायकलस्वार दिव्याची लढाई हरले. पण ज्या अन्यायाच्या भीतीनें ते लढले, त्याची धार त्याच वर्षीं बोथट झाली.

मागचा दिवा उपयोगी आहे, ह्याविषयीं आज शंका घेण्याचें कारण नाहीं. काळोखांत दिसणें हें केव्हांही न दिसण्यापेक्षां बरें. परंतु स्वतःच्या रक्षणासाठीं घेतलेली खबरदारी निराळी, आणि ती घेतली नाहीं म्हणून दुसऱ्याची जबाबदारी संपणें निराळें. घराला कडी घालावी हा शहाणपणा. कडी नव्हती म्हणून चोर निर्दोष, हा न्याय नव्हे.

हा भेद कायद्यांत उतरवतां येतो, हें हॉलंडनें दाखविलें. १९७१ मध्यें त्या लहानशा देशांत रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. मुलगी गमावलेल्या एका पत्रकारानें १९७२ मध्यें लिहिलेल्या लेखाच्या मथळ्यावरून ‘बालहत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली. तिनें मुलांनीं सावध कसें राहावें हा प्रश्न बाजूस ठेवून, रस्ते असे कां, हा प्रश्न विचारला. त्या देशाच्या सायकलमार्गांचा आजचा विस्तार बऱ्याच अंशीं त्या प्रश्नाचें फळ आहे. तेथील १९९४ च्या वाहतूक कायद्याच्या १८५ व्या कलमानें, मोटारीनें सायकलस्वारास किंवा पादचाऱ्यास इजा झाल्यास, अपरिहार्य कारण सिद्ध न झाल्यास, भरपाईची जबाबदारी मोटारमालकावर ठेवली आहे. चौदा वर्षांखालील मुलास पूर्ण, आणि मोठ्यास त्याची चूक असली तरी निदान निम्मी भरपाई मिळावी, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९१ व १९९२ च्या निर्णयांनीं ठरविलें. जाणूनबुजून केलेलें किंवा तत्सम बेफिकिरीचें वर्तन तेवढें अपवाद. हा नियम भरपाईचा आहे, फौजदारी शिक्षेचा नव्हे. चालकास प्रत्येक वेळीं गुन्हेगार ठरवितात, हा समज खोटा आहे.

आपल्याकडेही ह्या विचाराचा शिरकाव झाला आहे. मोटार वाहन कायद्यांत १९८२ मध्यें दुरुस्ती होऊन, दोष सिद्ध न करतांही मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद झाली, आणि मृताची चूक होती म्हणून ही रक्कम नाकारतां येणार नाहीं, असें स्पष्ट लिहिलें गेलें. २०१९ च्या दुरुस्तीनें दोष सिद्ध न करतां मिळणारी भरपाई मृत्यूबद्दल पांच लक्ष व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लक्ष रुपये ठरविली.

कायदा येथवर आला. भाषा अजून यावयाची आहे. आत्मघात, विश्वासघात हे शब्द उच्चारतांच घात करणारा कोण हें आपल्या मनांत येतें. अपघात ह्या शब्दांतही ‘घात’ आहेच, पण तो ऐकून आपण कर्ता शोधीत नाहीं; दैवाकडे बोट दाखवितों, आणि दैव पुरेसें वाटलें नाहीं तर मेलेल्याकडे. त्याच्या सायकलीला दिवा होता काय, हा प्रश्न गैर नव्हे. परंतु मोटार किती वेगानें येत होती, चालकास समोरचें किती दिसत होतें, आणि तो रस्ता कोणासाठीं बांधला होता, हे तीन प्रश्न त्याच्या आधीं विचारले पाहिजेत. कारण त्यांचीं उत्तरें देण्यास माणसें जिवंत असतात.